टीनेजर पोरांना एका दिवसात मुंबई कशी दाखवावी

पहिली गोष्ट म्हणजे पोरांना काहीही विचारू नका. विचारलं की "काहीपण चालेल" असं उत्तर येतं आणि त्या काहीपणमध्ये तुमच्या लिस्टमधलं एकही ठिकाण बसत नाही हे तिथे गेल्यावर कळतं. त्यापेक्षा सरळ एक्सेल शीट उघडा, १९९४ साली शाळेच्या सहलीत जे जे बघितलं ते सगळं आठवून लिहा, कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटासकट. मुलगा सोळाचा आहे, पोरगी चौदाची, पण बूट बूट असतो.

पुण्याहून निघत असाल तर डेक्कन क्वीनच पाहिजे. सव्वासातला सुटते, १०:२५ ला सीएसएमटी, आणि परतीची संध्याकाळी ५:१०. म्हणजे हातात पावणेसात तास, लिस्टमध्ये अकरा ठिकाणं, भागाकार केला तर ठिकाणामागे जवळपास सदतीस मिनिटं येतात. यात चालणं, जेवण, टॉयलेट आणि रुसवे धरलेले नाहीत पण शीटमध्ये रुसव्याचा कॉलम असतो का कुठे. सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेपाचला पंख्याचं बटण बंद करून पोरांना उठवा आणि ते डोळे उघडायच्या आत सांगून टाका की ही गाडी १९३० पासून धावतेय, ती तुझ्यासाठी थांबणार नाहीये. दिवसभराचं वातावरण इथेच सेट होतं.

वार मात्र विचार करून निवडा. तुम्हाला घारापुरीला जायचंच आहे असं महिनाभर आधीपासून घरात बोलत राहायचं, आणि मग सोमवारचं तिकीट काढायचं, सोमवारी लेणी बंद असतात. तासाभराची बोट, वर शंभरावर पायऱ्या आणि हातातली बाटली पळवणारी माकडं, सगळं टळतं आणि "अरे रे, मला खरंच दाखवायचं होतं" असं म्हणायला आपण मोकळे. पोरगी पेंग्विनसाठी अडून बसली असेल तर बुधवार घ्या, राणीची बाग बुधवारी बंद. (आमच्या घरात हे गणित मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं, आता झालं.)

खाण्याचं काय, तर घरून न्यायचं. आदल्या रात्री बायको दशम्या, बटाट्याची भाजी आणि लसणाची चटणी फॉइलमध्ये गुंडाळते, आणि तो डबा दिवसभर पोरांच्या सॅकमध्ये त्यांच्या हेडफोनला चटणीचा वास लावत फिरतो. समोर इराण्याकडे बन मस्का असतो, काचेत मावा केक दिसत असतो, तरी आपण फुटपाथच्या कडेला उभं राहून दशमी खायची. पोरं तुमच्यापासून बरोबर दहा फूट लांब उभी राहतील, आपण यांना ओळखत नाही अशा चेहऱ्याने. फोटो तेव्हाच काढा.

आता माहिती देणं. हा ट्रिपचा आत्मा आहे, इथे कंजुषी नको. सीएसएमटीच्या गेटच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ आहे, सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला, हे भर गर्दीत ऑफिसला जाणाऱ्या लोकांना अडवून मोठ्याने सांगा. पोरगी मान वर करून बघेल, "वाघ क्यूट आहे" म्हणेल आणि परत फोनमध्ये जाईल, म्हणजे तीन सेकंद झाले, चांगला स्कोर आहे. मग घड्याळवाला राजाबाई टॉवर. दोनशे ऐंशी फूट उंच, प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि नाव आईचं दिलं, आणि दृष्टी गेलेल्या त्या माउलीला घंटेवरून जेवणाची वेळ कळायची असं सांगतात. ही गोष्ट सांगताना टॉवरकडे बघायचं नाही, मुलाकडे बघायचं. एकटक. तो म्हणेल, "मग स्वयंपाकघरात घड्याळ लावायचं ना," आणि बायको हसेल, आणि त्या क्षणी तुम्ही एकटे पडाल, पण शीटमध्ये अजून सात ठिकाणं बाकी असतात म्हणून एकटेपणाला वेळ नाही.

गेटवेला पोचेपर्यंत दुपारचे अडीच, मुलाची बॅटरी चार टक्के, पॉवरबँक घरी चार्जिंगला लावलेली. इथे तुमचा हुकमी एक्का काढा. पंचम जॉर्ज आणि राणी १९११ च्या डिसेंबरमध्ये इथे उतरले, त्यांच्या स्वागतासाठीच गेटवे, पण गेटवे कुठे होता? बांधलाच नव्हता, राजाला पुठ्ठ्याचं मॉडेल दाखवलं, खरा गेटवे पूर्ण व्हायला १९२४ उजाडलं. आणि राजाने तक्रार केली का? (केली असेलही, आपल्याला काय माहीत, पण पोरांना नाही केली असंच सांगायचं.) राजा पुठ्ठ्यावर खूश आणि तुम्हाला खरा दगडी दाखवला तरी तोंड वाकडं! याच्यावर दोघंही काही बोलणार नाहीत. बॅटरी गेलीये हो, ऐकण्याशिवाय पर्यायच नाही, तुम्ही दहा मिनिटं सलग बोलून घ्या, आयुष्यात अशी संधी परत येत नाही.

मग उरलेली सहा ठिकाणं टॅक्सीच्या खिडकीतून दाखवा, "ते बघ, गेलं," आणि पाचला धापा टाकत प्लॅटफॉर्म गाठा. गाडी सुटल्यावर "काय आवडलं सगळ्यात जास्त?" विचारायचं, डायनिंग कारचं कटलेट हे उत्तर येतं, ते मनाला लावून घ्यायचं नाही.

पुढे दहा-बारा दिवसांनी रात्री पाणी प्यायला उठाल तेव्हा मुलाच्या खोलीतून आवाज येईल, गेम खेळता खेळता कुणालातरी सांगत असेल, "अरे तो गेटवे ना, पहिला खोक्याचा बनवलेला, राजाला गंडवलेलं डायरेक्ट, नाइन्टीन ट्वेंटी वनला." इथे अजिबात हलू नका. तांब्या हळूच ठेवा, पाय न वाजवता निघा, उजाडल्यावर विषयसुद्धा काढू नका, पोरगं आपल्या तोंडची गोष्ट सांगतंय.

आणि मग दारात जाऊन ओरडा, "एकोणीसशे अकरा!"