विली लोमन गवंडी असता तर

एम.ए.ला आर्थर मिलरचं ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ होतं, तेव्हा मी पेपरात ‘अमेरिकन स्वप्नाचा भंग’ यावर पाच पानं खरडली होती. मार्कही बरे पडले. गेल्या आठवड्यात डस्टिन हॉफमनचा १९८५चा टीव्हीपट पुन्हा पाहिला, मग पुस्तक काढलं आणि वाटलं, ती पाच पानं दुसऱ्याच कुणाच्या नोट्समधली होती. (होतीच.)

आता वाटतं ते असं: नाटकातला सेल्समन विली लोमन हातानं कामं करणारा फार चांगला माणूस होता, आणि त्या हातांची त्यालाच लाज वाटायची.

विलीचं वय ६३, घर ब्रुकलिनमध्ये. सॅम्पलच्या बॅगा घेऊन न्यू इंग्लंडभर गाडी हाकतो. पगार बंद झालाय, नुसतं कमिशन. जुन्या आठवणीतला एक प्रसंग आहे. फेरीवरून येतो आणि ऐटीत सांगतो, प्रॉव्हिडन्सला ५०० ग्रॉसची विक्री, बॉस्टनला ७०० ग्रॉसची! बायको लिंडा पेन्सिल घेऊन कमिशन काढायला बसते, तसा आकडा घसरत घसरत अख्ख्या फेरीचे मिळून २०० वर येतो. हातात सत्तरेक डॉलर. लिंडा तोंडातून ब्र काढत नाही. फ्रिजचे १६, वॉशिंग मशीनचे ९.६०, छपराचे २१ अशी देणी मात्र मोजून दाखवते. मला हा प्रसंग मुलगा बापाला परक्या बाईबरोबर पकडतो त्या बॉस्टनच्या हॉटेलातल्या गाजलेल्या प्रसंगापेक्षा जास्त लागतो.

याच माणसानं घरात काय काय केलंय? तळघर, पोर्च, जादा बाथरूम, गॅरेज, दारापुढच्या पायऱ्या. शेजारी चार्ली त्यानं बसवलेलं छत बघून चकित होतो, तर विली त्यालाच झापतो: हत्यार हाताळता येत नाही तो कसला पुरुष! पण पहिल्याच अंकात थोरला मुलगा बिफ कळवळून म्हणतो की आपण उघड्या माळावर सिमेंट कालवायला हवं होतं, सुतार व्हायला हवं होतं, सुताराला निदान शीळ तरी घालता येते. तेव्हा विलीचं उत्तर काय? तुझा आजासुद्धा सुतारापेक्षा वरचा होता! आणि हा आजा कोण, तर स्वतः बासऱ्या बनवून घोडागाडीतून गावोगाव विकत फिरणारा. बनवणारा आणि विकणारा एकच. नाटकभर ती बासरी मागे वाजत राहते. विलीनं त्यातलं फक्त विकणं उचललं.

तो गवंडी झाला असता तर हप्ते सुटले असते असं नाही म्हणत मी. गवंड्यालाही हप्ते असतातच. पण आपण ‘लोकांना आवडतो’ की नाही याची धास्ती घेऊन त्याला झोपावं लागलं नसतं. पायरी सरळ आहे की वाकडी, हे पायरीच सांगते. दफनानंतर चार्ली म्हणतोच, सिमेंटचा घाणा कालवताना तो सुखी असायचा. हे वाक्य वाचताना हमखास आठवतं की मिलरनं १९४८ साली कनेक्टिकटमध्ये आधी स्वतःच्या हातानं एक छोटी खोली बांधली आणि मग तिच्यात बसून हे नाटक लिहिलं.

मरण्याआधी रात्री विली टॉर्च घेऊन परसात बी पेरतो. चहूबाजूंनी उंच इमारती, तिथं ऊन पोचत नाही, काही उगवणार नाही. एकीकडे मनातल्या मनात मेलेल्या भावाशी सौदा चाललाय: आपण जीव द्यायचा आणि घरच्यांना विम्याचे २०,००० डॉलर मिळायचे. तरी पाकिटावरचं वाचून तो बोलतोय: गाजर, पाव इंचाच्या अंतरावर. दोन ओळींत एक फूट. आणि खाली वाकून खरोखर मोजतोय. अख्ख्या नाटकात विलीच्या तोंडून फुगवल्याशिवाय आलेले आकडे मला तरी एवढेच सापडले.