पाठीवर नाव छापू नका

आमच्याकडे गाडी पुसायची जी फडकी आहेत, ती सगळी क्वार्टरबॅकची आहेत. म्हणजे आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या पोरांच्या जर्सी. एकेक शंभर-सव्वाशे डॉलरची. पहिली चार वर्षं अंगावर राहिली, दुसरी एक मोसम. तिसरीचं पार्सल दारात पडलं त्याच संध्याकाळी त्या खेळाडू पोराने फोनवर संघ सोडत असल्याचं निरोपाचं पत्र टाकलं. आधी देवाचे आभार, मग आईवडिलांचे, मग ‘बराच विचार करून’. हे तीन शब्द दिसले की हल्ली मी पुढचं वाचत नाही.

मी अमेरिकेतल्या एका कॉलेजगावात राहतो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, पुढच्या मोसमाची तिकिटं अजून हातात यायची आहेत. 2004 मध्ये सांगलीहून शिकायला आलो आणि पहिल्याच शनिवारी स्टेडियममध्ये घसा बसवून घेतला. तेव्हा पोरं चार-चार वर्षं एकाच ठिकाणी असायची. दुसऱ्या कॉलेजात जायचं तर सहसा एक वर्ष बाकावर बसायला लागायचं. पहिल्या वर्षी घाबरलेलं पोरगं चौथ्या वर्षी दाढी वाढवून कप्तान व्हायचं, आणि आपणच त्याला वाढवलं असं आम्हाला वाटायचं. पैसे मात्र त्याला नाहीत. शिष्यवृत्ती, खोली, जेवण. त्यापलीकडे कोणी हातावर दमडी ठेवली तर चौकशी. कोचला वर्षाला लाखो डॉलर मिळायचे, त्याची चौकशी नाही.

हे सगळं मी बाबांना समजावत होतो. गेल्या हिवाळ्यात ते आमच्याकडे आले होते. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने एनसीएएला, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संघटनेला, नऊ विरुद्ध शून्य अशी चपराक दिली आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव-चेहरा विकायची मुभा मिळाली, हे सांगितलं. नेब्रास्कातल्या एका पोराचं नावच डिकोल्डेस्ट क्रॉफर्ड. एका एसीवाल्या कंपनीने त्याला जाहिरातीत घेतलं नसतं तरच नवल! (पुढच्या वर्षी पोरगा लुइझियानात गेला. एसी तिथेच राहिला असावा.) आणि 2025 च्या जूनमध्ये खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यात कोर्टाने तडजोड मंजूर केली. 2025-26 या पहिल्या वर्षी विद्यापीठांना दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटायची मुभा मिळाली. शिवाय 2016 पासून खेळलेल्यांना मागचे सुमारे 280 कोटी डॉलर, दहा वर्षांत.

“थकबाकी,” बाबा एका शब्दात समजले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला वेतन आयोग समजावावा लागत नाही. “आणि इतकी वर्षं लाख-लाख लोक तिकीट काढून बघत होते, तरी खेळणाऱ्याला काही नाही? अरे, आमच्या तालमीत निदान खुराक तरी मिळायचा.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पैसे पोरांचेच होते, ते त्यांना मिळाले. त्या पैशात माझं नाव नाही म्हणून तक्रार करण्याइतका मी निर्लज्ज नाही. माझं दुखणं वेगळं आहे. मला नावं पाठ होत नाहीत.

2021 मध्येच एकदा बाकावर न बसता कॉलेज बदलायची सूट मिळाली. 2024 मध्ये कितीदाही बदलायची. कॉलेज बदलणाऱ्यांची यादी ठेवणारं पोर्टल 2026 मध्ये 2 ते 16 जानेवारी उघडं होतं. त्याच पंधरवड्यात राष्ट्रीय स्पर्धेचे उपांत्य सामनेही होते, म्हणजे पंगत बसलेली असताना आचारी दुसऱ्या कार्यालयाची सुपारी घेतायत. ते पंधरा दिवस मी फोन उशाखाली घेऊन झोपतो. पहाटे बायको विचारते, “कोण गेलं?” एकदा बाबा दचकून उठून बसले. सांगलीचं कोणीतरी असेल असं त्यांना वाटलं.

वर कोचही जातातच. लेन किफिनने 2025 च्या नोव्हेंबरच्या शेवटी ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून एलएसयूची (लुइझियाना स्टेट) वाट धरली, तेही आपला संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरायच्या तोंडावर.

आणि टेनेसीचा नीको इयामालेआवा 2025 च्या वसंतात यूसीएलएला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, गेला, तेव्हा यूसीएलएचा जोई अगिलार टेनेसीला आला. क्वार्टरबॅकला क्वार्टरबॅक. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात, फक्त इथे मानपान कमी आणि वकील जास्त. त्याच टेनेसीने सीझन तिकिटावर खेळाडूंना द्यायच्या पैशासाठी दहा टक्के ‘टॅलेंट फी’ लावली. बाकी गावांत चाहत्यांची मंडळं वर्गणी गोळा करतात. मलाही ईमेल येतो: आपला डावा टॅकल (क्वार्टरबॅकचा पहारेकरी) टिकवायला हातभार लावा. गणपतीच्या वर्गणीत निदान मूर्ती कुठली आणि किती दिवस बसणार हे माहीत असतं.

राष्ट्रीय स्पर्धेचा 2026 चा अंतिम सामना बाबांबरोबर पाहिला. इंडियाना, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हरण्यासाठी प्रसिद्ध, विरुद्ध मायामी. इंडियानाचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेला, मायामीचा कार्सन बेक जॉर्जिया विद्यापीठातून. “म्हणजे दोन्हीकडे घरजावई,” बाबा म्हणाले. इंडियाना जिंकलं. टीव्हीवर म्हातारी माणसं ओक्साबोक्शी रडत होती. मेंडोझा तिथे आला त्याला वर्षच झालं होतं, पण रडताना कोणी रहिवासी दाखला मागत नव्हतं. मला हेवा वाटला. पोर्टल वाईट असतं ते फक्त आपल्याकडून पोरं जातात तेव्हा, हे त्या रात्री कळलं आणि सकाळपर्यंत विसरलोही.

नवी जर्सी घ्यायची वेळ आली तेव्हा बायको म्हणाली, “नाव छापू नकोस. नाहीतर असं नाव छाप, जे कुठे जाणार नाही.” म्हणून मी पाठीवर इंग्रजी अक्षरांत ‘कुलकर्णी’ छापून घेतलं.

ती घालून वसंतातल्या सराव सामन्याला गेलो. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक आजोबा बसतात. एके काळी त्यांना प्रत्येक खेळाडूचं गाव आणि शाळा तोंडपाठ असायची. आता ते चष्मा पुसत छापील यादीवर बोट फिरवतात आणि मधूनमधून “हा कोण? वरच्या डिव्हिजन वनमधला की खालच्या डिव्हिजन टूमधला?” म्हणतात. मला ते बारा वर्षं नुसतं राज म्हणतात, आडनाव विचारायची वेळ आली नाही. मी बसायला वळलो तसं त्यांनी माझ्या पाठीवरचं नाव एकेक अक्षर जुळवत वाचलं आणि यादीत शोधायला लागले.

“नवीन दिसतोय. कुठून आणला?”

“सांगली,” मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर आठवून पाहिलं.

“डिव्हिजन टू?”