चेटकीण बाईच असते, असं कोण म्हणतं?

एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चेटकीण म्हणजे बाईच. किशोरांच्या फँटसीत हल्ली क्विअर (प्रेम किंवा लिंगओळख चाकोरीबाहेरची असलेल्या) आणि नॉनबायनरी (स्वतःला ना बाई ना पुरुष मानणाऱ्या) चेटकिणी घुसवल्या जातात, हे नवं फॅड आहे, कथेला त्याची गरज नसते आणि मुलं मात्र गोंधळतात. ही पुस्तकं मी आवडीने वाचते, दुसऱ्यांच्या हातात देते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘चेटकीण म्हणजे बाईच.’ युरोपात जादूटोण्याच्या आरोपाखाली मारल्या गेलेल्यांत बायकाच जास्त होत्या, ते विसरून चालणार नाही. पण सरसकट तसं नव्हतं. युरोपाबाहेर, अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली फासावर चढवलेल्या १९ जणांत ५ पुरुष होते. सतराव्या शतकातल्या आइसलँडमध्ये या आरोपावरून सुमारे वीस जणांना जाळलं, त्यात बाई एकच. आणि गोष्टींचं काय? शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मध्ये तीन चेटकिणी पहिल्यांदा समोर येतात तेव्हा मॅक्बेथचा साथीदार बँको म्हणतो, तुम्ही बायका असाल असं वाटतं, पण तुमच्या दाढ्या तसं म्हणू देत नाहीत. रंगभूमीवरच्या सगळ्यात गाजलेल्या चेटकिणींबद्दल नाटकातल्या माणसालाच खात्री नाही! नॉर्स, म्हणजे जुन्या उत्तर युरोपातल्या, काव्यात देवांचा राजा ओडिन बायकी समजली जाणारी जादू करतो, म्हणून खोडकर लोकी त्याला भर मेजवानीत हिणवतो. जादू करणारं माणूस बाई-पुरुषाच्या कप्प्यात नीट बसत नाही ही कल्पना लेखकांनी आज शोधलेली नाही.

‘हे नवं फॅड आहे.’ एल. फ्रँक बॉम यांच्या ओझ या जादुई देशाच्या मालिकेतलं दुसरं पुस्तक १९०४ सालचं, लहान मुलांसाठी लिहिलेलं. त्यात टिप नावाचा मुलगा मॉम्बी या जादू करणाऱ्या म्हातारीकडे वाढतो. शेवटी कळतं की तो ओझची हरवलेली राजकन्या ओझ्मा आहे आणि मॉम्बीनेच जादूने तिचा मुलगा केला होता. टिपला हे ऐकून धक्काच बसतो, त्याला मुलगाच राहायचं असतं. मंत्र उलटवल्यावर ओझ्मा सोबत्यांना सांगते की मी तोच टिप आहे, फक्त... आणि तिथे ती अडखळते. भोपळ्याच्या डोक्याचा जॅक वाक्य पुरं करतो: फक्त तू वेगळी आहेस. बॉम यांना आजच्या अर्थाने ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेलं लिंग आपलं न मानणाऱ्या माणसाची) कथा लिहायची होती असा माझा दावा नाही. पण मुलांनी हे शंभराहून अधिक वर्षं वाचलंय.

‘कथेला गरज नसते.’ इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. एडन थॉमस यांची ‘सेमेटरी बॉइज’ (२०२०) घ्या. लॉस एंजेलिसमधल्या एका लॅटिनो समाजात जादू वाटून दिलेली आहे: बायका जखमा बऱ्या करतात, पुरुष अडकलेल्या आत्म्यांना पुढे पाठवतात. यादरिएल ट्रान्स मुलगा आहे आणि पुरुषांची जादू मिळवून देणारा विधी त्याच्यासाठी करायला घरचे तयार नाहीत. मग तो नात्यातल्या बहिणीला, मारित्साला, सोबत घेऊन रात्री चोरून स्वतःच तो विधी करतो. मृत्यूची देवी त्याला स्वीकारते. घरच्यांनी अडवलं ते देवीने मान्य केलं, आणि पुढची सगळी कथा या एका गाठीतून सुटत जाते. यादरिएल ट्रान्स नाही असं धरून बघा, पहिलंच प्रकरण उरत नाही. ज्या जादूचे नियमच बाई-पुरुषावर बेतलेले आहेत, तिथे हा प्रश्न बाहेरून आणावा लागत नाही.

उलट उदाहरणही आहे. ‘मूनकेक्स’ (२०१९) या चित्रकादंबरीत नोव्हा ही श्रवणयंत्र वापरणारी चेटकीण आहे आणि तिचं बालपणीचं प्रेम असलेलं टॅम हे नॉनबायनरी मानवी लांडगं, म्हणजे लांडग्याचं रूप घेणारं माणूस. तिथे झगडा राक्षसाशी आहे, टॅमच्या ओळखीशी नाही. ओळख कथेचा कणा झाली तर ‘अजेंडा’ म्हणायचं, नाही झाली तर ‘मग कशाला?’ विचारायचं, या दोन्ही तक्रारी एकाच तोंडून करता येणार नाहीत. पहिल्या पानावर ओळख सांगून पुढे विसरून जाणारी पुस्तकं आहेत आणि ती मलाही आवडत नाहीत. पण तो लेखनाचा कच्चेपणा झाला.

‘मुलं गोंधळतात.’ माझ्याकडून ‘सेमेटरी बॉइज’ नेलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलीने परत देताना एकच विचारलं: यादरिएलला मुलगा म्हणून स्वीकारायला त्याचे बाबा एवढा वेळ का लावतात?

त्या फिरणाऱ्या मजकुराखाली कुणीतरी लिहिलं होतं की मराठीत हे लिहिताच येणार नाही. अडचण खरी आहे. ‘मी आलो’ म्हटलं की पुरुष, ‘मी आले’ म्हटलं की बाई, आणि वर टॅमसाठी मी नपुंसकलिंग वापरलं ते मलाही पुरतं पटलेलं नाही, कारण मोठ्या माणसाला तसं म्हटलेलं कानाला खटकतं. पण ‘मी मंत्र म्हटला’ यात क्रियापद मंत्राचं लिंग घेतं, म्हणणाऱ्याचं नाही. ‘मी रेघ ओढली’, ‘मी दार उघडलं’, ‘मी राख फुंकली’. जादू करायला मराठीला बोलणाऱ्याचं लिंग लागत नाही, यायला-जायला लागतं. आणि तिथेही ‘मला यायला उशीर झाला’ असं लिहिता येतं.