बॉक्समध्ये गेम सोडून सगळे काही

गेल्या दिवाळीत, संगमेश्वराजवळच्या आमच्या गावच्या घरी, वसुबारसेच्या संध्याकाळी माझ्या बारा वर्षांच्या भाच्याने नवाकोरा बॉक्स फोडला, आतली डिस्क प्लेस्टेशनमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रात, सरकवली, पाचेक मिनिटे टीव्हीकडे टक लावून पाहिले आणि मान न वळवता विचारले, "मामा, यात गेम कुठे आहे?"

प्रश्न ४,९९९ रुपयांचा होता आणि त्याचे उत्तर पडद्यावर शांतपणे लिहिलेले होते: खेळ सुरू करण्यासाठी आणखी ७८ जीबी डाउनलोड करावे लागतील. आमच्या वाडीत मोबाइलची रेंज परसातल्या फणसाखाली उभे राहिले तर मिळते आणि माझ्या फोनला दिवसाला दोन जीबी डेटा मिळतो. ७८ भागिले दोन, म्हणजे एकोणचाळीस दिवस. घरातल्या कोणीही दुसरे काहीही न पाहता, वसुबारसेला सुरू केलेले डाउनलोड मार्गशीर्षातल्या एखाद्या गुरुवारी पूर्ण झाले असते. मुलाची सुट्टी त्याच्या कितीतरी आधी संपते, हे त्या जगप्रसिद्ध कंपनीला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण पाच हजार रुपये घेऊन विकलेल्या डिस्कवर गेम असावा, एवढी अपेक्षा ठेवण्यासाठी मराठी पंचांग कळावे लागत नाही.

मला संताप आला तो गेम मोठा होता म्हणून नव्हे. आजचे गेम शंभर जीबीच्या घरात जातात, हे मला समजते. संताप याचा आहे की, मी दुकानात उभा होतो, बॉक्स माझ्या हातात होता, मी तो उलटून पाहिला होता आणि तरीही आत काय नाही हे मला कळू शकले नाही. मागच्या बाजूला '९० जीबी किमान' असे बारीक अक्षरांत छापलेले होते आणि कोणताही शहाणा माणूस त्याचा जो अर्थ घेईल तोच मी घेतला: यंत्रात एवढी जागा मोकळी ठेवा. तेवढी जागा मी इमानेइतबारे मोकळीही केली होती. त्यासाठी भाच्याचे दोन जुने गेम त्याची समजूत काढून काढून टाकले होते. त्या नव्वदांपैकी किती डिस्कवरून येणार आणि किती आकाशातून, हे सांगण्याची तसदी त्या बॉक्सने घेतलेली नव्हती.

की घेतली होती? गावाहून परत आल्यावर मी तो बॉक्स खिडकीतल्या उजेडात धरला. मागच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात आयातदाराचे पांढरे स्टिकर होते. आयातदाराचे नाव, पत्ता, कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क वगैरे जे जे आपल्याकडे आवेष्टित वस्तूंवर कायद्याने लिहावे लागते, ते सारे त्यावर होते. ते नखाने खरवडून काढले, तेव्हा त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ते वाक्य सापडले: खेळण्यासाठी इंटरनेटवरून अतिरिक्त डाउनलोड आवश्यक. म्हणजे ग्राहकाला माहिती मिळावी म्हणून लावलेल्या स्टिकरने नेमकी तीच माहिती झाकलेली होती, जिच्यावाचून ग्राहक बुडणार होता. मी हसलो नाही. घरातले हसले.

या बाबतीत आपला कायदा बिस्किटाच्या पुड्याशी जेवढा कडक आहे, तेवढा या बॉक्सशी नाही, असे माझे मत आहे. पाच-दहा रुपयांच्या पुड्यावर निव्वळ वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. पुडा हवेने फुगवलेला असला तरी आत बिस्किटे किती, हे आकड्यात वाचता येते. माझ्या कपाटात आज पंचवीस-तीस गेमचे बॉक्स आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर किती जागा लागेल ते आहे, किती वर्षांवरील मुलांसाठी आहे ते आहे, पण डिस्कवर प्रत्यक्ष किती गेम भरलेला आहे, याचा आकडा एकावरही नाही.

आणि जागा पुरत नाही, ही सबब मला कोणी सांगू नये. प्लेस्टेशन ५ ज्या ब्लू-रे डिस्क वाचते, त्यांवर १०० जीबीपर्यंत मजकूर मावतो. त्या आधीच्या दुहेरी थराच्या डिस्कवरही ५० जीबी मावत असे. तरीही २०२२ साली आलेल्या 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' या गेमची प्लेस्टेशन ५ वरची डिस्क लोकांनी तपासली, तेव्हा तिच्यावर जेमतेम ७० एमबीच्या आसपास मजकूर निघाला. एमबी, जीबी नव्हे. मोबाइलवर काढलेली लग्नातली एक लांबट चित्रफीत त्याहून जड भरते. बाकी सगळा गेम इंटरनेटवरून. अशी डिस्क म्हणजे घर विकतो असे सांगून हातात निव्वळ किल्ली ठेवण्यासारखे आहे. घर तुमचे तुम्ही ओढून आणा आणि ओढण्याचे भाडेही तुम्हीच भरा.

निन्टेन्डो या कंपनीने ५ जून २०२५ रोजी आलेल्या आपल्या स्विच २ या गेमच्या यंत्रासाठी तर या प्रकाराला रीतसर नावच दिले: गेम-की कार्ड. या कार्डात गेम नसतो, फक्त गेम उतरवून घेण्याचा परवाना असतो आणि उतरवून झाल्यावरही खेळताना ते कार्ड यंत्रात खुपसून ठेवावेच लागते. मला हा प्रकार मुळीच पटत नाही. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे की, बॉक्सच्या पुढच्या बाजूलाच, खालच्या पट्टीत, किल्लीच्या चिन्हासह हे कार्ड कोणत्या जातीचे आहे ते लिहिलेले असते. निदान तोंडावर सांगून फसवतात. त्याहून खालची पायरी म्हणजे ज्या बॉक्समध्ये डिस्कही नसते आणि कार्डही नसते. असतो तो कोड छापलेला कागदाचा चिटोरा. कोड एकदा वापरला की तो गेम त्या खात्याला कायमचा चिकटतो; मग तो मित्राला देता येत नाही, विकता येत नाही, धाकट्या भावाकडे वारसाहक्काने जात नाही. एका चिटोऱ्यासाठी एवढा मोठा प्लास्टिकचा बॉक्स का बनवतात, याचे एकच कारण मला दिसते: तो दुकानाच्या फळीवर खऱ्या गेमच्या शेजारी खरा वाटावा.

नव्वदच्या दशकात आम्ही मुले ज्याला 'कॅसेट' म्हणत असू, ते पिवळे काडतूस आठवते. त्यावर '९९९९९९ गेम' असे छापलेले असायचे आणि आत तेच सात-आठ गेम नावे आणि रंग बदलून पुन:पुन्हा यायचे. उघडउघड लबाडी होती. नकली माल होता. पण तळाशी फुंकर मारून ते यंत्रात बसवले की 'काँट्रा' सुरू व्हायचा, वीज असेपर्यंत चालायचा आणि कोणाची परवानगी मागायचा नाही. त्या चोरट्या काडतुसाच्या पोटात गेम होता. आजच्या सन्माननीय, होलोग्राम लावलेल्या, जीएसटीसह बिल दिलेल्या बॉक्समध्ये तो नाही, हे म्हणताना मला स्वतःचीच लाज वाटते, पण म्हणतो.

बॉक्सच्या पुढच्या चित्राबद्दलही एकदा बोललेच पाहिजे. भाच्यासाठी याआधी एकदा मी असाच एक गेम घेतला होता, ज्याच्या मुखपृष्ठावर चार वीर खांद्याला खांदा लावून उभे होते. दोन मुले, दोन कंट्रोलर, एक टीव्ही. मला वाटले, भांडणे मिटली. घरी आल्यावर कळले की, एका टीव्हीपुढे बसून हा गेम एकच जण खेळू शकतो आणि बाकीच्या तीन वीरांसाठी तीन वेगळी यंत्रे, गेमच्या तीन वेगळ्या प्रती आणि प्रत्येकी दर महिन्याचे वा वर्षाचे सशुल्क सदस्यत्व लागते. मागे पाहिले तर छापलेले होतेच: 'खेळाडू १' आणि त्याच्या शेजारी वेगळ्या चौकटीत 'ऑनलाइन खेळाडू २-४'. या दोन चौकटींतला फरक ज्याला दुकानात उमगला नाही, त्याच्या घरात त्या रात्री काय रामायण घडते, ते मी सांगत बसत नाही.

आतल्या भेट-कोडांची कथा निराळी. डिस्क कुठल्याही देशातली असली तरी प्लेस्टेशन ५ वर सहसा चालते. त्यामुळे दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाला आपण निर्धास्तपणे 'येताना गेम आण' म्हणतो. पण बॉक्समधल्या चिटोऱ्यावरचा जादा पोशाखांचा, जादा पातळ्यांचा कोड ज्या प्रदेशासाठी काढलेला असतो, त्याच प्रदेशाच्या खात्यावर चालतो. शिवाय त्या कोडाला शेवटची तारीख असते आणि ती बॉक्सच्या आत असते, बाहेर नसते. वर्ष-दीड वर्ष फळीवर पडून राहिलेला बॉक्स पूर्ण किमतीला विकला जातो आणि आतला कोड मेलेला असतो. दुधाच्या पिशवीवर तरी तारीख बाहेरून दिसते.

माझ्या एका चुलत भावाने तर एक्सबॉक्स सिरीज एस घेतल्यावर आनंदाने दोन डिस्क आणल्या. त्या यंत्राला डिस्क घालायला फटच नाही. यात चूक त्याचीच, मी त्याला तसे सुनावलेही. पण विकणाऱ्याने दोन्ही वस्तू एकाच बिलावर लावताना एक शब्द बोलायला हरकत नव्हती.

आणि समजा, सगळे पाहून, वाचून, इंटरनेटची सोय करून गेम उतरवला, तरी तो आपला होतो का? युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा गेम २०१४ च्या डिसेंबरात आला, डिस्कवर विकला गेला आणि ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केल्यावर ती डिस्क असलेल्यांनाही तो खेळता येईना, कारण एकट्याने गाडी चालवायची तरी सर्व्हरला विचारावे लागत असे. यातूनच युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि तिच्या मागणीवर २०२५ च्या जुलैत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मी युरोपचा नागरिक नसल्याने माझी सही त्यात नाही. असती तर मी ती दोनदा करण्याचा प्रयत्न केला असता. तेव्हापासून मी बॉक्सवर 'कायम इंटरनेट जोडणी आवश्यक' हे शब्द शोधतो, आणि दिसले की बॉक्स जागच्या जागी ठेवून देतो.

दिवाळीनंतर मी तो ७८ जीबीवाला गेम घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने बॉक्सकडे पाहिले, फाटलेल्या प्लास्टिककडे पाहिले आणि म्हणाला, "सील फुटलंय, साहेब." मी त्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगितला: सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तो सज्जनपणे म्हणाला की माल सदोष कुठे आहे, डिस्क तर चालते. त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. डिस्क उत्तम चालत होती. डाउनलोड करा, असे सांगण्याचे आपले एकमेव काम ती बिनचूक करत होती. हवा तर जुना म्हणून दोन हजारांना घेतो, असेही तो म्हणाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी त्याच्यासमोरच फोनवर दाबला आणि मग, मागे रांगेत आठ-दहा वर्षांची एक मुलगी वडिलांचा हात धरून ताटकळलेली दिसल्यावर, बंद केला. घरी जाऊन तक्रार नोंदवली. ती अजून 'प्रक्रियेत' आहे.

गेल्या आठवड्यात भाच्याचा वाढदिवस होता, म्हणून पुन्हा त्याच दुकानात गेलो. या वेळी चष्मा नेला होता आणि फोनचा कॅमेरा बॉक्सच्या मागच्या बाजूवर धरून अक्षरे मोठी करून वाचत होतो. किंमतीचे स्टिकर या बॉक्सवरही होते आणि याही वेळी नेमके खालच्या कोपऱ्यात होते. मी ते नखाने उचलायला लागलो, तेव्हा काउंटरवरच्या पोऱ्याने मला थांबवले आणि स्टिकर काढलेला माल विकता येत नाही, असे सांगितले.

"मग डिस्कवर पूर्ण गेम आहे का, ते कसं कळणार?" मी विचारले.

"घरी जाऊन लावून बघा ना, काका."

"आणि नसेल तर परत घ्याल?"

त्याने मान वर न करता मागच्या भिंतीकडे बोट केले. तिथे, गणपतीच्या तसबिरीखाली, लॅमिनेट केलेली पाटी होती: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' तिची अक्षरे मात्र चांगली वीतभर उंचीची होती, चष्म्याशिवाय वाचता येतील अशी.