गाडीच्या कर्जावरचा दंड: सगळा परत मिळत नाही, पण जो मिळतो तो सोडू नका

गेले काही महिने नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सारांश असा: रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२४ पासून गाडीच्या कर्जावर लेट फी घेणं बेकायदा ठरवलं आहे. सुप्रीम कोर्टाचाही तसा निकाल आहे. इंग्लंडमध्ये लोकांना असेच पैसे परत मिळाले. तुम्ही आजवर भरलेला सगळा दंड एका मेलवर व्याजासकट परत मिळेल. कंपनी ऐकत नसेल तर हप्ता थांबवा, सिबिलला काही होत नाही.

मला तो माझ्या वहिनींनी पाठवला. दादाची नोकरी गेल्यावर गेल्या वर्षी त्यांच्या गाडीचे चार हप्ते उशिरा गेले होते. पुढे कर्ज पूर्ण फेडायला गेल्या, तर फायनान्स कंपनीनं 'इतर आकार' म्हणून ८,६४२ रुपये मागितले आणि ते भरल्याशिवाय एनओसी (कर्ज फिटल्याचं ना-हरकत पत्र) मिळणार नाही असं सांगितलं. "भाऊजी, आता एक रुपयासुद्धा द्यायचा नाही ना?" असं त्यांनी विचारलं. हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून हा मेसेज मी ओळीओळीनं पाहिला. त्यात खरं थोडं आहे आणि ते खोट्यात असं मिसळलेलं आहे की वाचणारा हमखास फसेल.

पहिलं वाक्यच घ्या: 'लेट फी बेकायदा.' नाही. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक १८ ऑगस्ट २०२३ चं आहे. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं आणि जुन्या कर्जांना जास्तीत जास्त ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचं होतं. त्यानं दंड बंद केला नाही, दंडाची पद्धत बदलली. पूर्वी हप्ता चुकला की व्याजाचाच दर वाढवून 'दंडव्याज' लावत, ते मुद्दलात मिसळे आणि मग त्या मिसळलेल्या रकमेवर पुन्हा व्याज चढे. आता दंड हा स्वतंत्र आकार म्हणून लावायचा, तो व्याजदरात मिळवायचा नाही आणि त्यावर व्याज आकारायचं नाही. तो वाजवी हवा, किती आणि कशासाठी ते करारात आणि मुख्य माहितीपत्रकात आधी लिहिलेलं हवं. थकलेल्या हप्त्याच्या आठवणीचा मेसेज पाठवताना दंड किती बसेल तेही सांगायला हवं आणि प्रत्यक्ष दंड लावला की त्याचं कारणही कळवायला हवं. शिवाय घरगुती वापरासाठी कर्ज घेणाऱ्या माणसाला तशाच चुकीसाठी कंपन्या-संस्थांपेक्षा जास्त दंड लावता येत नाही.

एक बारीक गोष्ट इथे बऱ्याच जणांकडून निसटते. थकलेल्या हप्त्यावर करारातलं नेहमीचं व्याज चालूच राहतं. ते दंडावरचं व्याज नव्हे, आणि ते परत मागून मिळत नाही.

सुप्रीम कोर्टाचा निकाल खरा आहे, पण तो वेगळ्याच गोष्टीचा. २३ मार्च २०२१ चा तो निकाल करोनाकाळातल्या हप्ते-सवलतीबद्दल आहे. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांसाठी व्याजावर व्याज किंवा दंडव्याज घेऊ नये आणि घेतलं असेल तर परत द्यावं किंवा पुढच्या हप्त्यात वळतं करावं, असा तो आदेश. त्या काळात तुमचं कर्ज चालू असेल तर जुनं स्टेटमेंट काढून ते सहा महिने जरूर बघा. २०२५ साली चुकलेल्या हप्त्याशी त्याचा काही संबंध नाही.

इंग्लंडचं प्रकरण तर दंडाचं नाहीच. तिथे वाद आहे तो गाडीचे विक्रेते कर्ज मिळवून देताना ग्राहकाला नीट न सांगता घेत असलेल्या कमिशनचा. तिथल्या सुप्रीम कोर्टानं १ ऑगस्ट २०२५ रोजी निकाल दिला तोही त्याच मुद्द्यावर. लंडनमधल्या कुणा भाच्याला त्यातून पैसे मिळाले तर आनंदच आहे, पण त्याचा दाखला देऊन इथल्या कंपनीकडे काही मागता येत नाही.

आता 'फक्त एक मेल करा' याबद्दल. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण पैसे खरोखर सुटतात ते इथेच, आणि 'माझा सगळा दंड परत द्या' एवढ्या मेलनं ते सुटत नाहीत. कंपनी करारातलं कलम दाखवून विषय संपवते. आधी खात्याचं पूर्ण स्टेटमेंट मागवा. मोबाइलवर दिसणारा एका पानाचा गोषवारा नको, तारीखवार नोंदींचं स्टेटमेंट हवं. त्याच्या शेजारी तुमच्या बचत खात्याचं स्टेटमेंट ठेवा आणि पेन्सिल घेऊन बसा.

वहिनींचं स्टेटमेंट अकरा पानांचं होतं. ८,६४२ ची फोड अशी निघाली: बाउन्स चार्जेस (हप्ता खात्यातून परत गेल्याचा आकार) पाच वेळा, जीएसटीसकट प्रत्येकी ५९० रुपये, म्हणजे २,९५०. पीनल चार्जेस, म्हणजे उशिराचा दंड, ४,८२४. आणि या दंडावर १८ टक्के जीएसटी, ८६८.

हप्ते चुकले चार, मग बाउन्स पाच कसे? बचत खात्याच्या स्टेटमेंटमध्ये दिसलं की एकाच महिन्याचा हप्ता कंपनीनं ५ तारखेला आणि परत ८ तारखेला वसुलीसाठी बँकेकडे पाठवला होता. दोन्ही वेळा तो परत गेला आणि दोन्ही वेळा आकार लागला. असा दुसऱ्यांदा आकार घेण्याचं कलम करारात सापडलं नाही.

पीनल चार्जेसचा दर करारात थकलेल्या हप्त्यावर महिना ३ टक्के होता. हप्ता १३,२०० चा, म्हणजे एका हप्त्याला महिन्याचे ३९६ व्हायला हवेत. पहिल्या महिन्यात तेवढेच होते. पुढच्या महिन्यांत आकडा हप्त्यांच्या हिशेबापेक्षा मोठा होत गेला, कारण मागचा दंड आणि बाउन्सचे पैसेही थकबाकीत धरून त्यांवर ३ टक्के लावले होते. परिपत्रक जे थांबवायला निघालं आहे ते नेमकं हेच. आम्ही फक्त हप्त्यांवर दिवस मोजून हिशेब केला, तर १,३१० रुपये जास्त निघाले.

आणि जीएसटी. बँका आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या) घेतात त्या पीनल चार्जेसवर जीएसटी लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं २८ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतरचं हे परिपत्रक. वहिनींचा सगळा दंड त्यानंतरचा होता, म्हणजे ते ८६८ मुळात घ्यायलाच नको होते.

असं प्रत्येक ओळीचं तारीख, रक्कम, कारण लिहून पत्र द्या. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला द्या, शाखेत तोंडी सांगू नका, आणि तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तिथेही मुदत असते, त्यामुळे कागद हातात आल्यावर थांबू नका. ग्राहक आयोगात जायचं असेल तर दोन वर्षांच्या आत.

मेसेजमधलं शेवटचं वाक्य मात्र घातक आहे, आणि ते पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला मला हात जोडून थांबवावंसं वाटतं. हप्ता थांबवू नका. वाद दोन-तीन हजारांचा असतो. थांबवलेला हप्ता पुन्हा बाउन्स होतो, कंपनी आणि बँक अशा दोन्हीकडून नवे आकार लागतात. २०२५ पासून कर्ज देणाऱ्यांना सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला माहिती द्यावी लागते, त्यामुळे उशीर लगेच नोंदला जातो. नव्वद दिवसांवर गेलं की खातं थकीत कर्जांत जातं आणि गाडी ओढून नेणारे दारात येतात. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट: खात्यात पैसे नसल्यानं बँकेतून आपोआप जाणारा हप्ता परत गेला, तर चेक बाउन्ससारखाच फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ तसं सांगतं, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. वादाची रक्कम बाजूला ठेवा, हप्ता वेळेवर भरा. एनओसी अडली असेल तर 'हरकत कायम ठेवून भरत आहे' असं लिहून भरा आणि मग भांडा.

वहिनींच्या पत्राला सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं. जीएसटीचे ८६८, दुसऱ्यांदा लावलेल्या बाउन्सचे ५९० आणि दंडावरच्या दंडाचे १,३१०, असे २,७६८ रुपये कंपनीनं कमी केले. उरलेले ५,८७४ खरोखरच देणं होतं. वहिनींनी ते त्याच दिवशी भरले. पुढच्या आठवड्यात एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आले, आणि आरसीवरून कंपनीचं नाव काढायला आम्ही दोघं आरटीओत गेलो.