कार्डिस्ट्रीच्या पत्त्यांत चुंबक नसतं हो!

फॅमिली ग्रुपवर परत तो पत्ते फिरवणाऱ्या पोराचा व्हिडिओ आलाय, खाली लिहिलंय "पत्त्यांत मॅग्नेट आहे, बाकी एडिटिंग". असं काही नाहीये. ह्याला कार्डिस्ट्री म्हणतात, यात काही लपवायचं नसतंच, जे दिसतं तेवढंच, त्यामुळे जादूशीही गल्लत नको. सगळ्यात बेसिक म्हणजे शार्लिए कट, म्हणजे एकाच हाताने पत्ते कापणं: पत्त्यांचा कॅट एका हातात बोटांच्या टोकांवर धरायचा, अंगठा जरा सैल केला की खालचा अर्धा भाग तळहातावर पडतो, मग तर्जनीने तो उभा ढकलत अंगठ्यापर्यंत न्यायचा की वरचा अर्धा आपोआप खाली येतो, झालं. मॅग्नेट असतं तर पत्ते चिकटून बसले असते ना, पंखा कसा उघडला असता?

हां, पत्ते चांगले लागतात हे खरं. बायसिकल ब्रँडसारख्या कागदी पत्त्यांवर बारीक खळगे असतात, त्यात हवा राहते म्हणून ते एकमेकांवरून सारखे सरकतात. आपल्या रमीच्या जुन्या चिकट कॅटवर ट्राय करून "फेक आहे" म्हणू नका. आणि सिबिल कट, म्हणजे दोन्ही हातांनी कॅटचे बरेच भाग करून फिरवायचा प्रकार, जादूगार क्रिस केनरने 1992 च्या पुस्तकात छापलाय, तेव्हा कुठलं आलं मोबाइलवर एडिटिंग!