परदेशातून : पातेल्याऐवजी कुंडी

पुतण्याने गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर त्याच्या नव्या उद्योगाची हकीकत सांगितली. घरभर फोन फिरवायचा, सॉफ्टवेअर वस्तू ओळखून यादी करतं. पुढे कधी पूर आला, आग लागली, तर विम्याचा दावा मंजूर झाल्या झाल्या यादीतल्या वस्तूंची ऑर्डर आपोआप जाते आणि टेम्पो दारात हजर. "काका, तुमच्याकडे तर हे कधीचं चालू असेल ना?" मागे कॉटवर बसलेला दादा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "आम्हाला टेम्पो नको. पैसे द्या."

पुतण्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे. इथे इंग्लंडात, लीड्सला हे बऱ्यापैकी चालू आहे, आणि मी त्यातून गेलोय.

दोन हिवाळ्यांमागे आम्ही नाशिकला गेलो असताना इथल्या घराच्या माळ्यावरचा पाइप गोठून फुटला. परत येऊन दार उघडलं तर जिन्यावरून पाणी ओघळत होतं. फोटो काढून विमा कंपनीच्या अ‍ॅपवर टाकले, आणि आठवड्याच्या आत यादी आली: तुमची ही वस्तू, तिच्या बदल्यात ही. जुन्याच्या जागी नवं, घसारा (जुनेपणाची कपात) नाही. गाद्या, टीव्ही, वॉशिंग मशीन अगदी बिनबोभाट. कुणाच्या पाया पडावं लागलं नाही, कुणी "बिल कुठंय?" म्हणून दरडावलं नाही. नाशिककर म्हणून मला तर गहिवरूनच आलं.

मग यादी स्वयंपाकघरात शिरली. पोळपाटाच्या बदल्यात गोल चॉपिंग बोर्ड. शिट्टीच्या कुकरऐवजी विजेचा मल्टिकुकर. पुरणयंत्र त्याला ओळखताच आलं नाही, तिथे नुसतं 'इतर'. आणि आईने नाशिकच्या भांडी बाजारातून घेऊन दिलेलं, बुडाला नाव घातलेलं पितळी पातेलं माळ्यावरून छत कोसळताना चेपलं होतं. त्याच्या बदल्यात आली 'सजावटीची कुंडी, सोनेरी रंग'. बायको हसली, मी हसलो नाही.

मी म्हटलं, राहू द्या, रोख द्या. तेव्हा खरी गोम कळली. कंपनी ठरलेल्या पुरवठादाराकडून घाऊक सवलतीत वस्तू घेते. तुम्ही वस्तू नाकारून पैसे मागितले, तर कंपनीला जेवढा खर्च आला असता तेवढेच मिळतात, दुकानातली किंमत नाही. वस्तू खरोखरच तोडीची असेल तर इथला वित्तीय लोकपालही (ग्राहक आणि कंपनी यांच्यातल्या तक्रारींचा निवाडा करणारा) साधारण कंपनीचीच बाजू घेतो. पण तोडीची वस्तू पुरवठादाराकडे मिळतच नसेल, तर रोख देताना ती सवलत कापायची नाही. पातेलं आणि कुंडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सिद्ध करायला मला तीन ई-मेल लागले. सॉफ्टवेअरला एकही लागला नव्हता.

म्हणजे या सोयीत वेळ वाचतो तो दोघांचाही, पण सवलतीचे पैसे वाचतात ते कंपनीचे. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बिझनेस मॉडेलच ते आहे, काका." प्रामाणिक आहे पोरगं.

आता दादाची बाजू. २००८ च्या सप्टेंबरात गंगेला पूर आला (बाहेरच्यांसाठी: नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात). सराफ बाजार, भांडी बाजार, कापड पेठ, सगळीकडे पाणी. आमच्या काकांच्या दुकानाचा विमा होता. सर्व्हेअर आले, म्हणाले, खरेदीची बिलं दाखवा. बिलं गल्ल्याखालच्या खणात होती आणि गल्ला रामकुंडाच्या दिशेने केव्हाच गेला होता. हातात पडेपर्यंत निम्म्याहून कमी रक्कम उरली, त्यातूनही चिखलातल्या भांड्यांची मोडीची किंमत वजा. तेव्हापासून आमच्या घरात 'विमा' हा शब्द जरा वाकड्या तोंडानेच उच्चारतात. दादाला वस्तू नको असतात त्या यामुळे. देणारा काहीतरी गळ्यात मारणार, ही खात्रीच आहे त्याची. सरकारी मदतीचा अनुभवही पाठीशी आहेच. केंद्राच्या २०२२ च्या निकषांत घर पाण्यात गेलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये. त्यासाठी आधी पंचनामा.

पण दादाही एका बाबतीत चुकतो. इंग्लंडातलं सगळं चांगलं आणि आपल्याकडचं सगळं रद्दी, असं तो बिनधास्त बोलतो. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाचाही आपोआप होतो, इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख. त्यासाठी सामानाची यादी द्यावी लागत नाही. दागिने-मौल्यवान वस्तूंचं वेगळं. शिवाय विम्याची रक्कम कमी पडली म्हणून दावा त्या प्रमाणात कापत नाहीत. इंग्लंडात माझ्या पॉलिसीत मात्र ती कात्री आहे: सामान ५० हजार पौंडांचं आणि विमा २५ हजारांचा, तर नुकसान थोडं असलं तरी निम्मंच मिळू शकतं. कागदावर या मुद्द्यात नाशिक लीड्सच्या पुढे आहे. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग कुणी सांगितलं का नाही?" त्याच्या गृहकर्जाबरोबर बँकेने कुठली पॉलिसी चिकटवली होती, ती आता वहिनी कपाटात शोधतेय.

आणि इथली सफाई काही आभाळातून पडलेली नाही. पूररेषेतल्या घरांना परवडेल असा विमा मिळतो, कारण २०१६ पासून पुराच्या जोखमीचा भार वाटून घेणारी 'फ्लड री' नावाची व्यवस्था आहे, तिच्यासाठी सगळ्या घरविमा कंपन्या वर्गणी भरतात. आधी विमा, मग अ‍ॅप. पुतण्याने टेम्पो आधी जुंपलाय.

माझं मत विचाराल तर यंत्राला वस्तू निवडायला लावूच नका, पैसे सोडायला लावा. आणि यात मी नवीन काही सांगत नाही, दादा स्वतःच त्याचा गिऱ्हाईक आहे. दिंडोरीकडची त्याची द्राक्षबाग हवामानाधारित फळपीक विम्यात असते. तिथे गारपिटीचा भाग सोडला तर पंचनामा नाही. हवामान केंद्रावर ठरलेल्या काळात ठरलेल्या मर्यादेपलीकडे पाऊस किंवा थंडी नोंदली गेली की भरपाई. त्याची तक्रार एकच: केंद्र लांब, पाऊस माझ्या बागेत पडतो आणि नोंद कोरडी राहते.

नदीकाठी ही तक्रार बरीच कमी होईल, कारण नदी सगळ्यांची एकच. गंगापूर धरणातून किती सोडलं, होळकर पुलाखालून किती वाहतंय, हे पावसाळ्यात पोरंसोरंही क्युसेकमध्ये सांगतात. आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं मोजमाप उभंच आहे: नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. छातीला पाणी लागलं की भांडी बाजार परिसरातल्या प्रत्येक विमाधारकाच्या खात्यात त्याच रात्री एक ठरावीक रक्कम. गादी, शेगडी, चार कपडे, महिन्याचा किराणा भागेल एवढी. उरलेला हिशेब सर्व्हेअर आल्यावर, सावकाश. पातेलं कुठून घ्यायचं ते वहिनी ठरवेल. जुनं चेपलेलं मोडीत घालून नवं कसं आणायचं, हे तिला कुठल्याही पुरवठादारापेक्षा चांगलं कळतं.

पुतण्या पहिल्यांदाच थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "काका, मारुतीला सेन्सर लावायला परवानगी कोण देईल?" यावर दादाने पेपर खाली ठेवला आणि तासभर महापालिका, पुरातत्त्व आणि जलसंपदा यांची चर्चा झाली, माझा चहा गार झाला.

कुंडी आम्ही परत पाठवली नाही, पाठवायचा खर्च आमच्याच माथी होता. बायकोने तीत कढीपत्ता लावलाय. खिडकीत ठेवतो, रात्री आत घेतो. आत्ता तीन पानं आहेत.